सायकलचं नाव विचारलं होतं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे चेअरमन आदरणीय आप्पासो; पंचायत समितीहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे; आजचे सत्कारमूर्ती, श्री बाळसिद्धनाथ माध्यमिक विद्यालयाचे मुख्याध्यापक सन्माननीय सुमंत सर; त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब; सोमवारपासून सरांच्या खुर्चीत बसणाऱ्या विनोदिनी मॅडम; शिक्षकवृंद, पालक बंधू-भगिनींनो, आणि दोन वाजल्यापासून सतरंजीवर मांडी घालून भाषणं सोसणाऱ्या बालमित्रांनो.

मी लालासाहेब. इथं फाट्यावर माझं सायकलचं दुकान आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याआधी सतरा वर्षं फौजेत होतो, ई.एम.ई.त, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, हवालदार म्हणून रिटायर झालो. आज पालकांच्या वतीने दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. खरं तर आप्पासोंना मी आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, मला बोलायला लावू नका, सोसणार नाही. ते म्हणाले, ‘आरं, चार शब्द गोड बोल आन् बस.’ आप्पासो, चार गोड शब्द मी आताच बोललो. सन्माननीय, आदरणीय, वहिनीसाहेब, बालमित्र. झाले चार.

आकाराम, माइक जरा वर कर. हां. आकाराम आपल्या शाळेचा शिपाई. आज त्याचीच सगळ्यात जास्त धावपळ चाललीय, आणि त्याला कुणी नारळ दिलेला नाही.

आतापर्यंत सहा वक्ते बोलले. सहाही जणांनी सरांना शिस्तप्रिय म्हटलं. मी सातवा, मीही म्हणतो. सर शिस्तप्रिय आहेत. बावीस वर्षांत प्रार्थनेला त्यांना एक मिनिट उशीर झाला नाही. त्यांनी शिकवलेल्या इंग्रजीवर या भागातली पोरं भरतीचे फॉर्म भरायला शिकली. माझा धाकटा भाऊ शंभूराज त्यांच्या पहिल्याच तुकडीतला, आज आसामात नायब सुभेदार आहे. हे ऋण मी नाकारत नाही. पण मंडळी, बावीस वर्षांत सरांच्या तोंडून ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द ऐकलेला एक तरी माणूस या हॉलमध्ये आहे का? असेल तर त्यानं हात वर करावा. वहिनीसाहेब, तुम्ही सुद्धा करू शकता.

नाही ना? मला वाटलंच.

आता तुम्ही म्हणाल, निरोपाचा कार्यक्रम, शाल पांघरून झाली, मानपत्र वाचून झालं, आता हे उकरून कशाला काढायचं? काढायचं, कारण माझ्याकडे वेळ नाही. आज शनिवार, तीस नोव्हेंबर. सोमवारी दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरायची शेवटची तारीख. माझी पुतणी क्रांती, शंभूची लेक, याच शाळेत दहावी ब मध्ये. तिच्या फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही नाही. सर म्हणतात, पोरीनं माफीनामा दिल्याशिवाय सही नाही. विनोदिनी मॅडम म्हणतात, सरांचा निर्णय मी आल्या आल्या मोडणार नाही. पाच वाजता सर चार्ज देणार. आत्ता सव्वाचार झालेत. म्हणजे या पोरीचं वर्ष वाचवायला माझ्या हातात पाऊण तास आहे, आणि त्यातलं चहापान वेगळं.

पोरगी आलीय आज. मागं, खांबाला टेकून उभी आहे. वळून बघू नका सगळे, तिला लाज वाटते. चार महिने ती घरी बसलीय, आणि तिची सायकल या स्टेजच्या मागं, व्हरांड्याच्या टोकाला, खेळाच्या सामानाच्या खोलीत कुलपात आहे. लेझमी, डंबेल्स, व्हॉलीबॉलचं फाटकं नेट आणि सायकल. किल्ली सरांच्या कोटाच्या खिशात. जुडगा जड आहे, शालीखालून दिसतोय.

तर त्या सायकलीबद्दल मला बोलायचंय. सरांबद्दल सहा जण बोलले, सायकलीबद्दल कुणी बोललं नाही.

पावणेदोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला मी उंब्रजला गेलो होतो. हायवेला पंक्चरच्या दुकानासमोर एक गोरं जोडपं उभं. हॉलंडचं. सायकलवरून गोव्याला निघालेलं. बाईंच्या सायकलच्या मागच्या चाकाचा ॲक्सल तुटला होता, आणि पंक्चरवाला कमरेवर हात ठेवून नुसता बघत होता. मी अंगावरच्या लग्नाच्या कपड्यांसकट खाली उकिडवा बसलो. ॲक्सल बदलला, नवे छर्रे भरले, डुगडुगणारी रिम सरळ केली. दीड तास गेला. अक्षता चुकल्या. बहीण अजून ऐकवते.

पण मला ती सायकल सुटेना. चाकं बघावीत तर रेसरएवढी मोठी, पण टायर रेसरसारखे बोटभर नव्हेत, चांगले रुंद. रुंद म्हणावेत तर माउंटन सायकलसारखे दातेरी नव्हेत. मधे गुळगुळीत, कडेला नक्षी. हँडल खाली वळलेला नाही, सरळ. माणूस ताठ बसतो, समोरून म्हैस आली तर त्याला दिसते. फ्रेम हलकी. मागं कॅरिअर, वर मडगार्ड, आणि चढासाठी गियर. मी फौजेतल्या इंग्रजीत त्या माणसाला विचारलं, ‘साहेब, धिस रेसर ऑर माउंटन?’ तो हसला. म्हणाला, ‘बोथ. हायब्रीड.’

हं. हसलात. हसून घ्या. मागच्या रांगेतून सुरू झालं आणि पहिल्या रांगेतल्या गुरुजनांनी रुमाल काढले. पाहुण्यांना कळलं नसेल का हसले ते. त्यांनाही सांगणार आहे. सर, खाली बघू नका, अजून सुरुवात आहे.

आमची वस्ती माळावर. तिथून शाळा अकरा किलोमीटर. पहिले चार किलोमीटर मुरूम, दगड आणि ओढ्यातली वाळू, वर खिंडीचा चढ. पुढचे सात किलोमीटर डांबरी. एस.टी. आमच्याकडं येत नाही. क्रांती आठवीत गेली तेव्हा मी तिला साधी काळी सायकल दिली, दूधवाल्यांकडे असते ती. मजबूत, पण वजन इतकं की खिंडीत पोरीनं सायकलीवर बसायचं नाही, सायकलीला ढकलायचं. दीड तास. रोज उशीर. मग दुकानातली जुनी रेसर दिली. डांबरीवर झकास, आणि मुरुमात आठवड्याला तीन पंक्चर. वर त्या वाकड्या हँडलवर मान खाली घालून बसायचं, पाठीवर दप्तर, आणि समोरून उसाच्या ट्रॉल्या. एकदा ट्रॉलीखाली जाता जाता वाचली. मग माउंटन सायकल मागवली, जाहिरातीत पोरं जिच्यावरून उड्या मारतात ती. मुरुमात एक नंबर. पण डांबरीवर ते जाड दातेरी टायर रस्ता सोडायलाच तयार नसतात. सात किलोमीटर पायडल मारून पोरीच्या पोटऱ्या भरून यायच्या आणि पहिल्या तासाला ती बाकावर पेंगायची. पहिला तास इंग्रजीचा. सर तिला उभी करायचे.

मग मी हॉलंडच्या त्या सायकलीसारखी सायकल बांधली. चाकं रेसरची, तारा नवीन भरल्या. रुंद टायर पुण्याहून आणले. हँडल आणि गियर माउंटनचे. फ्रेमला दोन जागी ब्रेझिंग केलं, पितळेचा जोड दिला. पंधरा दिवस गिऱ्हाइकं परत पाठवली. गेल्या वर्षी, क्रांती नववीत असताना, जूनच्या पहिल्या दिवशी ती सायकल तिला दिली. त्या दिवसापासून शाळा पंचेचाळीस मिनिटांवर आली. वर्षभर हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढं उशिराचा शेरा नाही. कुणाला शंका असेल तर हजेरीपुस्तक ऑफिसात आहे.

दुकानात लोक विचारतात, लालासाहेब, ही असली सायकल कशाला कुणी घ्यावी? ना धड रेसर, ना धड माउंटन. मी त्यांना सांगतो, तुला शर्यत मारायची असेल तर रेसर घे. डोंगरात उड्या मारायच्या असतील तर माउंटन घे. पण तुझं घर एका तऱ्हेच्या रस्त्यावर आणि काम दुसऱ्या तऱ्हेच्या रस्त्यावर असेल, वर पिशवी न्यायची असेल आणि पोचल्यावर दिवसभर काम करायचं असेल, तर तुला अशी सायकल लागते जी कुठंच पहिली येणार नाही, पण कुठं अडूनही बसणार नाही. कवठे महांकाळच्या एका नर्सबाईंनी मागच्या महिन्यात तसलीच बांधून नेली. तासगावचा एक बेदाण्याचा व्यापारी शेडवर जायला नेतो. त्यांना मी काही पटवून दिलं नाही. एक फेरी मारली, आणि पैसे मोजले.

एवढं साधं आहे हे. आता बघा, एवढ्या साध्या गोष्टीचं आपल्या शाळेत काय झालं.

या जुलैच्या पंधरा तारखेला, सोमवारी, सरांनी सायकलींची तपासणी काढली. आठवीतला एक मुलगा ब्रेक नसलेल्या सायकलीवरून पडला होता. तपासणी योग्यच होती. प्रार्थना झाल्यावर पोरं रांगेत, प्रत्येकाच्या हातात आपापली सायकल. घंटी वाजव, ब्रेक दाब, पुढं हो. क्रांतीचा नंबर आला. सरांनी सायकल खालून वर बघितली.

‘ही कसली सायकल?’

‘हायब्रीड, सर.’

पोरं हसली. सर म्हणाले, ‘काय म्हणालीस?’ तिला वाटलं, सरांना ऐकू आलं नाही. तिनं जरा मोठ्यानं सांगितलं, ‘हायब्रीड हाय, सर.’ सगळं मैदान हसलं. सरांचा चेहरा लाल. ‘पुन्हा बोल!’ आता सरांनीच पोरांना सवय लावलीय, अवघड इंग्रजी शब्द पुन्हा विचारला की स्पेलिंगसकट सांगायचा. ती बिचारी छाती पुढं काढून सुरू झाली, ‘एच, वाय, बी, आर...’ डी पर्यंत पोचलीच नाही. सरांनी सायकल हातातून ओढून घेतली, खेळाच्या खोलीत टाकली, कुलूप लावलं. पालकांना घेऊन ये, आणि लेखी माफीनामा आण. कारण काय? मुख्याध्यापकांचा भर प्रार्थनेत उपमर्द.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. म्हटलं, सर, पोरगी काय म्हणाली? सर म्हणाले, ‘तो शब्द मी माझ्या तोंडानं उच्चारणार नाही.’ मंडळी, सतरा वर्षं फौजेत काढलीत मी. तोंडानं उच्चारू नयेत असे शब्द मला बऱ्यापैकी ठाऊक आहेत. त्यातला कुठला पोरीच्या तोंडात आला, या विचारानं खिंडीपर्यंत माझं पायडलवर लक्ष नव्हतं. घरी जाऊन तिला समोर उभी केली. ‘क्रांती, खरं सांग. सरास्नी कुठली शिवी दिलीस?’

रडायला लागली. ‘न्हाई वो तात्या. सरांनी सायकलचं नाव इचारलं. मी सांगितलं.’

त्याच आठवड्यात आकाराम पंक्चर काढायला दुकानात आला. आकाराम, तू तोंड लपवू नकोस, तुझा यात काही गुन्हा नाही. तो म्हणाला, ‘आवं लालासाहेब, तुमाला ठावं न्हाई व्हय? सरास्नीच समदी हायब्रीड म्हंत्यात. चौऱ्याहत्तर सालापास्नं. तुमच्या शंभूच्याच वर्गानं ठिवलंया त्ये नाव.’

झालं. बोललो. पाहुण्यांनाही आता कळलं. मी चौऱ्याहत्तरला भरती होऊन गेलो, त्याच साली सर इथं आले, म्हणून मला ठाऊक नव्हतं. त्या वेळी शेतात हायब्रीड ज्वारी नवी होती. ताट बुटकं आणि वर कणीस गच्च. सरांची उंची बेताची, आणि तेव्हा डोक्यावर दाट केस होते म्हणे. पोरांना आणखी काय पाहिजे? आता केस गेले, नाव राहिलं. वहिनीसाहेब, तुम्ही पदर तोंडाला लावून हसताय. सर, बघा. घरातही ठाऊक आहे.

बसा सर. बसा. शाल पडली तुमची. मी तुमची थट्टा करायला आलो नाही. नाव ठेवलं म्हणून माणूस लहान होत नाही. मलाही फौजेत ‘ऑइलकॅन’ म्हणायचे. माझा राग त्या नावावर नाही. माझा राग असा आहे, की तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, पोरी, या शब्दाचा अर्थ काय? इंग्रजीचे शिक्षक तुम्ही. तुमच्या टेबलावर डिक्शनरी असते, तिचं पान उलटायला तुम्हाला चार महिन्यांत सवड झाली नाही. सगळं जग आपल्याबद्दलच बोलतंय असं ज्याला वाटतं, त्याला सायकलीचं नाव सुद्धा शिवी वाटते.

आणि गुरुजनहो, तुम्ही? बावीस जणांचा स्टाफ. ‘सर, त्या तऱ्हेच्या सायकलीला हायब्रीडच म्हणतात’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलायचं म्हणजे सरांच्या तोंडावर तो शब्द काढायचा, आणि आपल्यालाही तो ठाऊक आहे असं कबूल करायचं. कुणाची जीभ उचलली नाही. पोरगी बुडाली तरी चालेल, आपला मुलाहिजा राहिला पाहिजे. स्टाफरूममध्ये मात्र हसायचं ते हसलात. मला आकारामनं सांगितलंय.

हे कार्ड बघा. हॉलंडहून आलंय, मागच्या वर्षी दिवाळीत. एका बाजूला माझा फोटो, फेटा बांधून उकिडवा बसलोय, हाताला ग्रीस. मागं इंग्रजीत लिहिलंय, आमची हायब्रीड दुरुस्त करणाऱ्या भल्या माणसास. आप्पासो, हे सरांकडं सरकवा. सर, शब्दाखाली मी पेन्सिलनं रेघ मारलीय. आणि हा फॉर्म. सही खाली उजवीकडं. पेन पाहिजे तर मी देतो.

माझं मागणं एवढंच आहे. सही आणि किल्ली. तुमचा जयजयकार त्यानंतर मीच सगळ्यांच्या पुढं उभा राहून करतो.

कोण? नानासो? नाही, नाही, त्यांना बसवू नका, बोलू द्या. आमच्या शेजारच्या रानातले नानासो आहेत. बोला नानासो, मोठ्यानं बोला.

ऐकलं का सगळ्यांनी? माइकवर सांगतो. नानासो विचारतात, ‘लाला, समदं खरं हाय गड्या. पर तुझं दुकान सायकलींचं. भाड्याच्याच वीस सायकली दारात उभ्या असत्यात. पोरीला दुसरी का न्हाई दिलीस? आन् रोज तू शाळेम्होरनंच दुकानाला येतूस की. डबलशीट का न्हाई आणलीस तिला?’

पाणी देता का कुणी?

नानासो, तुम्ही शेतकरी माणूस, सरळ विचारलंत. या हॉलमध्ये मीही इतका वेळ सरळच बोलतोय असं मला वाटत होतं.

न्हाई दिली. दुसरी सायकल देता आली असती. दुसऱ्याच दिवशी. ती शाळेत जायला तयार होती. पहिले आठ दिवस चालत गेली, अकरा किलोमीटर. मीच तिला बसवली. म्हटलं, सायकल मिळाल्याशिवाय त्या शाळेची पायरी चढायची न्हाई. दुसरी सायकल दिली असती तर सर जिंकले असते ना. तत्त्वाचा प्रश्न होता माझा. हो, मी शुद्ध बोलायचं ठरवून आलो होतो, जाऊ द्या आता.

आणखी ऐका. माफीनामा तिनं लिहिला होता. तिसऱ्याच दिवशी. वहीचं पान, दोन्ही बाजूला समास सोडून. ‘माझ्यामुळे आपणास वाईट वाटले याबद्दल क्षमा असावी.’ मला दाखवायला आणला. मी फाडला. तिनं परत लिहिला, तोही फाडला. म्हटलं, आपण चुकलो नाही तर माफी कशाची? ती म्हणाली, ‘तात्या, चुकलं न्हाई ते मला ठावं हाय. पर मला परीक्षा द्यायची हाय.’ मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शंभूची आसामातून पत्रं येतात, क्रांतीचा अभ्यास कसा चाललाय? दर वेळी मी लिहितो, उत्तम.

काय म्हणालात, सर? जरा इकडं वळून बोला.

सर विचारतात, ‘हे कार्ड तुमच्याकडे गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून होतं. मला का नाही दाखवलंत?’

तुम्ही विचारलं नाहीत म्हणून, असं उत्तर मी ठरवून आणलं होतं. पण ते खोटं आहे. आकारामनं मला सांगितलं त्याच संध्याकाळी मी तुमच्या ऑफिसात येऊ शकलो असतो. दार लावून, दोघांतच बोलता आलं असतं. पाच मिनिटं लागली असती. मी आलो नाही, कारण मला तसं मिटवायचं नव्हतं. मला तुम्हाला असं, शालीत, फेट्यात, वहिनींच्या शेजारी, सगळ्या गावासमोर बसलेलं पाहिजे होतं. मी आजच्या दिवसाची वाट बघत होतो. आप्पासो, तुम्हाला मी ‘मला बोलायला लावू नका’ म्हटलं, तेव्हा तुम्ही आग्रह कराल हे मला ठाऊक होतं.

चार महिने मी पोरीला घरी ठेवली, या एका भाषणासाठी.

टाळ्या वाजवू नका. यात वाजवण्यासारखं काही नाही.

सर सही करतायत. तारीखही घातली. सर म्हणतात, नाव त्यांनी पटावरून कमी केलेलं नाही, पहिल्या तासाला रोज तिचं नाव पुकारत होते. आणि हजेरीचं काय करायचं ते बोर्डाला ते स्वतः लिहून देतील, आजच्या तारखेनं, पाचच्या आत. हे ते करतात. उपकार म्हणणार नाही मी, पण नोंद घेतो. रोज नाव पुकारायचं होतं तर सर, एकदा माळावर यायचं होतंत. रस्ता वाईट आहे, पण सायकल जाते. असो. मी कुणाला सांगावं?

किल्ली आकारामकडे दिलीत. बरं झालं. आकाराम, जा तिच्याबरोबर.

क्रांती, अगं... गेली. सरांच्या पाया पडली, फॉर्म उचलला, आणि माझ्या समोरून गेली. बघितलं नाही. बरोबर आहे तिचं. आता मला तिला काही सांगायचं होतं इथून, माइकवरून, आणि तीच हॉलमध्ये नाही.

तर अध्यक्ष महाराज, माझं भाषण मी आवरतं घेतो. पालकांच्या वतीने सरांना पुढल्या आयुष्यासाठी शुभेच्छा देतो, त्या मनापासून आहेत की नाहीत ते मला आत्ता सांगता येणार नाही. आप्पासोंनी बोलायची संधी दिली, नानासोंनी योग्य वेळी तोंड उघडलं, आपण सगळ्यांनी हे सगळं सहन केलंत, सगळ्यांचा आभारी आहे. बोलताना काही कमी-जास्त झालं, ते मी मोजून केलंय, त्याची माफी सरांकडं मागत नाही. त्यांनी ती देऊही नये. वहिनीसाहेब, तुमच्या समारंभाचा मी विचका केला, तुम्ही मात्र मला क्षमा करा. विनोदिनी मॅडम, फॉर्म सोमवारी सकाळी पहिल्या गठ्ठ्यात जाऊ द्या, हात जोडतो.

आता मला खाली उतरू द्या. चार महिने सायकल उभी आहे, दोन्ही चाकांतली हवा गेली असणार. पंप माझ्या पिशवीत आहे, म्हणजे ती बाहेर थांबली असेल. माझ्यासाठी नाही, पंपासाठी. दोन चाकं भरायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात मला जे बोलायचंय ते तिच्याशी बोलून होतंय का, बघतो.

जय हिंद.